एका दिवसाच्या तपासणीवर निकाल नको



या खेपेस एका वाचकाच्या पत्रालाच उत्तर देतो. ते लिहितात, "आमच्या शिवाराला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविण्याची भट्टी आहे. धूर रात्रीच सुटतो. तक्रार केली तेव्हा माणसे आली, एक दिवस यंत्र लावून हवा तपासली आणि 'प्रमाणात आहे' असे सांगून गेली. घरात दोन लहान मुले, दावणीला गाई. आम्ही काय समजावे?"

थोडक्यात उत्तर असे, की एका दिवसाच्या तपासणीने भट्टी निर्दोष ठरत नाही. जून महिन्यातला एक दिवस कोरडा गेला म्हणून कोणी दुष्काळ जाहीर करत नाही. पर्जन्यमापकाची नोंद वर्षानुवर्षे ठेवतात, तेव्हा कुठे तालुक्याची सरासरी कळते. हवेचेही तसेच आहे. त्या दिवशी वारा उलट दिशेचा असेल, आदल्या रात्री पाऊस पडून धूळ बसली असेल किंवा भट्टीच बंद असेल.

हवेतले शिसे मोजतात कसे, ते समजून घ्या. यंत्र ठराविक हवा ओढून गाळणकागदातून सोडते. कागदावर अडकलेली धूळ प्रयोगशाळेत विरघळवून तिच्यातील धातू मोजतात. आपल्या देशाची हवेची मानके २००९ साली नव्याने जाहीर झाली. त्यांत शिसे, आर्सेनिक आणि निकेल हे तीन धातू आहेत. शिशाची वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रोग्रॅम आणि २४ तासांची १ मायक्रोग्रॅम यापेक्षा जास्त असू नये. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

आता महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्या. वर्षाची सरासरी काढायला आठवड्यातून दोनदा, २४ तासांची, अशी वर्षात किमान १०४ मोजमापे लागतात, असे त्या मानकांतच म्हटले आहे. शिवाय मोजणीच्या लागोपाठ दोन दिवशी मर्यादा ओलांडली गेली, तर नियमित मोजणी आणि पुढील चौकशी सुरू करायला तेवढे कारण पुरेसे मानले आहे. तेव्हा "एकदा मोजले" एवढ्यावर समाधान मानू नका.

इतकी चिकाटी कशाला, असे कोणी विचारील. शिसे हा धातू आहे. शेणासारखा तो कुजत नाही, औषधासारखा उतरत नाही. थेंबे थेंबे तळे साचे, तसा तो जमिनीच्या वरच्या थरात साचत जातो आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहतो.

नोंदींचा उपयोग काय होतो, हे पेट्रोलवरून दिसते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत. आपल्याकडे १९९५ च्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या मोटारींसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचे पेट्रोल देशभर बंद झाले. युरोपात तर मखमली शेवाळाकडून हवेची पारख करतात. या शेवाळाला खरी मुळे नसतात. ते बहुतेक सारे पोषण पाऊस व धुळीतून घेते आणि त्याबरोबर धातूही धरून ठेवते. स्वीडनमध्ये १९६० नंतरच्या दशकात ही रीत निघाली आणि १९९० पासून युरोपातील अनेक देश दर पाच वर्षांनी असे शेवाळ गोळा करून तपासतात. १९९० ते २०१० या वीस वर्षांत त्यातले शिसे सुमारे तीन चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. एका वर्षाच्या नमुन्यावरून हे कोणालाच सांगता आले नसते.

आता आपण काय करायचे ते पाहू.

पहिले, एक वही घाला. धूर केव्हा सुटला, किती वेळ राहिला, वारा कोणत्या दिशेचा होता, हे तारीखवार लिहा. अशी सहा महिन्यांची वही ग्रामसभेच्या ठरावासोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात द्या. रात्रीची आणि वर्षभराची मोजणी मागा. झालेल्या मोजणीचे आकडे माहितीच्या अधिकारात मागता येतात.

दुसरे, माती तपासा. मृद आरोग्य पत्रिकेवर १२ बाबी असतात. त्यांत जस्त, लोह, तांबे आहे, पण शिसे नाही. म्हणून पत्रिका चांगली आली तरी शिशाबद्दल काहीच कळत नाही. त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते. न नांगरलेल्या जागेतून वरच्या दोन इंचांची माती घ्या, एक नमुना भट्टीजवळचा आणि एक दूरचा. जागेवर खूण ठेवा आणि दरवर्षी त्याच जागी, त्याच महिन्यात नमुना घ्या.

तिसरे, भट्टीच्या बाजूला मेथी, पालक, शेपू लावू नका. पाल्यावर धूळ बसते. टोमॅटो, वांगे अशा फळभाज्या त्यामानाने बऱ्या. भाजी वाहत्या पाण्यात धुवा, बाहेरची पाने काढून टाका.

चौथे, त्या बांधावरची वैरण गुरांना घालू नका. जनावर दात खाऊ लागले, दिसेनासे होऊन भिंतीला डोके टेकवून उभे राहिले, तर ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा आणि शिशाचा संशय असल्याचे आपण होऊन सांगा.

पाचवे आणि सर्वांत निकडीचे, लेकरांचे. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते आणि झालेले नुकसान भरून येत नाही. रक्तात किती शिसे चालेल, अशी सुरक्षित पातळीच नाही. रांगती मुले मातीचे हात तोंडात घालतात, म्हणून जेवणाआधी हात धुवा आणि घर ओल्या फडक्याने पुसा. पत्र लिहिणाऱ्या बंधूंनी हवेच्या निकालाची वाट न पाहता दोन्ही मुलांच्या रक्तातील शिसे जिल्हा रुग्णालयात विचारून तपासून घ्यावे. घरात कोणी गरोदर असेल तर तिचेही.

आणि आपल्या ट्रॅक्टरची जुनी बॅटरी चार पैसे जास्त मिळतात म्हणून फिरत्या भंगारवाल्याला देऊ नका. ती बहुधा अशाच एखाद्या भट्टीत जाते. नवी घेताना दुकानदारालाच परत द्या. वही मात्र आजच घाला. पहिली तारीख पडली, की नोंद सुरू झाली.