साठ दिवस

हे निवेदन नाही. निवेदनं देऊन झाली.

ज्या कार्यालयाला हे लिहितो आहोत, त्याचं नाव इथे घेत नाही. आमचे ठराव त्याच्या कपाटात पडून आहेत. वाचताच कळेल.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या एकाच पक्षाचं राज्य चाललं. तो कधी मत मागायला आला नाही. 1927 चा भारतीय वन कायदा हाच त्याचा जाहीरनामा. मालक तोच, पहारेकरी तोच, व्यापारी तोच. गुन्हा नोंदवणारा तोच, तडजोडीची रक्कम ठरवणाराही तोच.

मुंबईत सरकारं बदलली. दिल्लीत बदलली. इथे रेंजर बदलले, राज्य तेच राहिलं. बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जात राहिला. मोळीवालीची कुऱ्हाड जप्त होत राहिली.

आम्ही थांबलो.

1996 साली पेसा आला, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. राज्याने त्याचे नियम केले 2014 साली. एवढ्या काळात पाळण्यातलं पोर मतदार होतं. तरी थांबलो.

2006 साली वनहक्क कायदा झाला. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं संसदेने त्याच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलं. कबुली तुमच्या बाजूची आहे. आम्ही ती वदवून घेतलेली नाही.

2009 साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागदावर जंगल गावाचं झालं. बांबू गावाबाहेर न्यायला मात्र वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, मिळेना. परवान्याचं ते पुस्तक गावाच्या हाती पडायला 27 एप्रिल 2011 उजाडावा लागला. केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण स्वतः गावात आले, तेव्हा ते गावाचे नेते देवाजी तोफा यांना मिळालं.

एका टीपी बुकासाठी एक केंद्रीय मंत्री आणि एक मुख्यमंत्री. उरलेल्या गावांनी कोणाकोणाला बोलवायचं?

वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांनी तोही प्रश्न संपवला. वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते. तुमची सही लागत नाही. तरीही गाडी नाक्यावर उभी राहते आणि साहेब मीटिंगमध्ये असतात.

बंदूक घेऊन आलेल्या नक्षलवादी पक्षानेही आम्हाला विचारलं नव्हतं. त्याची किंमत आमच्या गावांनी मोजली. त्याचं नाव पुढे करून आमचा ठराव बाजूला सारू नका. आमचा ठराव उघड्यावर होतो, हात वर करून होतो, इतिवृत्तात उतरतो.

एकहाती सत्ता उलथवावीच लागते असं नाही. पोलंडमध्ये 1981 साली कम्युनिस्ट सत्तेने लष्करी कायदा लावून सॉलिडॅरिटी ही कामगार संघटना चिरडली. 1989 च्या फेब्रुवारीत तीच सत्ता त्याच संघटनेसमोर बोलणीला बसली. जूनमध्ये मतदान झालं. बसायला उशीर झाला, पण बसली.

तुमच्यासाठी जागा ठरली आहे. गोटुल, गावाच्या सभेची जागा. खुर्ची नसेल.

आता वनहक्क कायद्याचं. कलम 7 सांगतं, या कायद्याचं उल्लंघन करणारा अधिकारी गुन्हेगार ठरतो. दंड 1,000 रुपयांपर्यंत. रक्कम किरकोळ आहे, हे आम्हालाही दिसतं. सेवापुस्तकातली नोंद किरकोळ नसते, हे तुम्हाला माहीत आहे.

कलम 8 म्हणतं, ग्रामसभेने ठराव करून राज्यस्तरीय संनियंत्रण समितीला किमान 60 दिवसांची नोटीस द्यावी. समितीने कारवाई केली नाही, तर न्यायालयाचं दार उघडतं. हे 60 दिवस आम्ही ठरवलेले नाहीत. संसदेने ठरवले आहेत.

या मुदतीत अडवलेली टीपी मान्य करा. प्रलंबित दाव्यांवर निर्णय लेखी द्या. आमच्या हक्काच्या जंगलात ग्रामसभेच्या संमतीवाचून झाडतोडीचे कूप पाडणं थांबवा.

61 व्या दिवशी आम्ही रस्ता अडवणार नाही. दगड उचलणार नाही. कार्यालयात येणारही नाही. बांबू आमच्या परवान्यावर निघेल. तेंदूपत्त्याचा लिलाव ग्रामसभा करेल. व्यवस्थापन आराखडा आमचा चालेल. गाडी अडवणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि वेळ वहीत लिहिली जाईल. ती वही न्यायालयात जाईल.

हे जमेल का, असं विचारू नका. 2013 साली ओडिशाच्या नियमगिरीत 12 ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. बाराच्या बारा. खाण झाली नाही.

इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगात फाशी दिली. फाशी देणाऱ्यांचं राज्य गेलं. त्यांचा वन कायदा तुम्ही अजून चालवता. आम्ही 2006 चा चालवणार आहोत.

नोटीस समितीकडे रवाना झाली आहे. आजचा दिवस पहिला.