दोन व्हायरस, तपासणी एकाची



विहिरीला थोडे पाणी लागले की कपाशीच्या शेजारी एकरभर पपई लावणारे आपल्यात बरेच आहेत. काही महिन्यांत शेंडा पिवळा पडतो, पाने दोरीसारखी बारीक होतात आणि गावात शब्द फिरतो, ‘व्हायरस आला’. कोणता, हे कोणी विचारत नाही. दुकानदार तर मुळीच नाही. तो बाटली काढून देतो. झाडात शिरलेला व्हायरस मारणारी फवारणी नसते, हे पावतीवर छापलेले नसते.

कोणता, हे कळण्यावर पैसा अवलंबून आहे. रिंगस्पॉटचा विषाणू मावा आणतो, आणि त्यात आपल्या कपाशीवरचा मावाही आला. तो पपईवर मुक्काम करीत नाही, जाता जाता सोंड टोचून पाहतो. तेवढ्या क्षणांत विषाणू झाडात गेलेला असतो. औषधाने मावा मरेपर्यंत त्याचे काम उरकलेले असते. चुरडामुरड्याचा विषाणू पांढरी माशी आणते, तीही कपाशीवर पोसलेली. ती बराच वेळ रस शोषते, विषाणू तिच्या अंगात टिकतो. म्हणून तिचा बंदोबस्त केला तर उपयोग होतो. माव्यासाठी पपई लावण्याआधीच भोवती ज्वारीच्या दाट ओळी उभ्या असाव्यात. मावा आधी ज्वारीला टोचतो आणि सोंडेवरचा विषाणू तिथेच पुसला जातो. ज्वारी पेरायला आपल्याला कोणी शिकवायला नको.

अडचण अशी की हे दोन्ही विषाणू एकाच झाडात असू शकतात. देठावर तेलकट हिरवे पट्टे आणि फळावर वलये दिसली तर रिंगस्पॉट. पान उलट्या वाटीसारखे वळले, शिरा जाड झाल्या तर चुरडामुरडा. पुस्तकात हे वेगवेगळ्या पानांवर असते. शेतात सगळे एकाच झाडावर दिसते, किंवा एका रोगाच्या खुणांत दुसरा झाकला जातो. कोळी किडीनेही पान तसेच आकसते. शेजारच्या ज्वारीत मारलेले टू-फोर-डी वाऱ्याने आले तरी तसेच. नुसत्या डोळ्यांनी निदान करणाऱ्यावर, तो पदवीधर असला तरी, पूर्ण भरवसा ठेवू नका.

प्रयोगशाळेचेही तसेच आहे. एलायझा चाचणी ज्या विषाणूचे प्रतिद्रव्य वापरले त्याचेच उत्तर देते. रिंगस्पॉटची चाचणी ‘नाही’ म्हणाली म्हणजे झाड निरोगी ठरत नाही. रिंगस्पॉट आरएनएचा, चुरडामुरडा डीएनएचा. पीसीआरने शोधायचे तर आधीच्या आरएनएची डीएनए प्रत करून घ्यावी लागते. दोन्ही एकत्र शोधणाऱ्या चाचण्याही बसवता येतात. कोणी मागायला हवे.

दोन विषाणू म्हणजे दुप्पट रोग, असा सरळ हिशेबही नाही. मेक्सिकोतील शास्त्रज्ञांनी २०१६ साली रिंगस्पॉट आणि पपई मोझॅक या दोन विषाणूंवरचे काम प्रसिद्ध केले. रिंगस्पॉट आधी शिरला किंवा दोन्ही एकदम आले तर रोग बळावला. मोझॅक आधी शिरला असेल तर तो दबला. म्हणजे कोण आहे एवढे कळून पुरत नाही, आधी कोण आला हेही पाहावे लागते. आणि ते पाहायची जागा रोपवाटिका आहे.

मुंबई प्रांतातील पपईच्या मोझॅक रोगाची नोंद १९४८ साली कपूर आणि वर्मा यांनी केली. पाऊणशे वर्षे उलटली. एवढ्या काळात रोपाचा दर दर हंगामी वाढवणाऱ्याला रोपाबरोबर एक कागद देता येऊ नये? बी सहसा विषाणू नेत नाही. पण बारीक जाळी नसलेल्या रोपवाटिकेत माशी आणि मावा रोपावर बसतातच. मग ते रोप आपण कर्ज काढून शेतात आणतो, आणि ते मेले की ‘तुमच्याच शेतात रोग होता’ असे ऐकतो.

जिल्हा बैठकीत ठराव मांडायचा आहे : रोप विकताना कोणकोणत्या विषाणूंची तपासणी झाली, कोणत्या पद्धतीने, कोणत्या तारखेला, हे पावतीवर लिहिलेच पाहिजे. ज्यांच्याकडे गेल्या हंगामातील रोपांच्या पावत्या असतील त्यांनी त्या बरोबर आणाव्यात.