उपदेश की उपचार?

‘तंबाखूचे दुष्परिणाम’ हा निबंध आपल्या शाळांतून वर्षानुवर्षे लिहिला जात आहे. गतवर्षी एका विद्यार्थ्याने वही माझ्यापुढे ठेवली आणि हलक्या आवाजात विचारले, “सर, हे सारे बाबांना ठाऊक आहे. तरी विडी सुटत नाही. मग काय करायचे?” मी निरुत्तर झालो. निपाणीच्या तंबाखूपेठेचा हा जिल्हा. असा प्रश्न एकाच घरातला नसावा.

व्यसन म्हणजे मनाचा दुबळेपणा, अशी आपली समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. धुराबरोबर छातीत गेलेले निकोटिन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूला त्याची सवय जडली, की ते न मिळताच चिडचीड, अस्वस्थता, निद्रानाश सुरू होतो. विडी टाकल्यावर पहिला आठवडा फार कठीण जातो. पुढे तीन-चार आठवड्यांत त्रास बहुधा ओसरतो. नेमक्या त्याच दिवसांत घरची माणसे टोचून बोलतात, आणि तो बिचारा पुन्हा काडी ओढतो!

यावर उपचार आहेत. निकोटिनचा गम किंवा पट्टी धुरातील विषांवाचून ती मागणी भागविते. मात्रा मग क्रमाने उतरविता येते. गम सतत चघळावयाचा नसतो. थोडा चावून गालात धरावयाचा असतो. व्हॅरेनिक्लिन व बुप्रोपिऑन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती आवश्यक औषधांच्या यादीत घातली. औषधाला समुपदेशनाची जोड मिळाली, तर यशाचा संभव वाढतो. त्यासाठी १८००-११-२३५६ हा विनाशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.

कोणी म्हणतील, औषधाने व्यसन सुटले तर त्यात निर्धार तो कोणता? पण हिवतापाच्या रोग्याला आपण केवळ निर्धार करावयास सांगतो काय? निर्धार हवाच, परंतु त्याला आधारही हवा. पहिला प्रयत्न फसला म्हणून माणूस हरला, असेही नव्हे. अनेकांची विडी दोन-चार प्रयत्नांनंतरच कायमची सुटते.

विद्यार्थिमित्रांनो, वडिलांना उपदेश करू नका. विडी सोडण्याचा दिवस त्यांनाच ठरवू द्या. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ त्यांच्याबरोबर अंगणात फेरी मारा. त्या मुलाला मी आज हेच उत्तर देईन. आणि निबंधाचा विषयही बदलीन : ‘तंबाखू कशी सोडवावी?’