दोन फुटांचे औदार्य

२० सप्टेंबर १९६९. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील साउथपोर्टनजीकचे रॉयल बर्कडेल मैदान. अमेरिका आणि ग्रेट ब्रिटन यांच्यातील रायडर करंडकाची तीन दिवसांची झुंज अखेरच्या जोडीच्या अखेरच्या हिरवळीवर येऊन ठेपली होती. एका बाजूला अमेरिकेचा जॅक निकलस, दुसऱ्या बाजूला त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकून देशाच्या गळ्यातील ताईत झालेला टोनी जॅकलिन. दोन्ही संघांचे गुण समान, या दोघांचा सामनाही बरोबरीत. निकलसने आपला सुमारे चार फुटांचा पट छिद्रात घातला. आता जॅकलिनसमोर दोन फुटांच्या आसपासचा पट उरला होता. तो चुकला असता तर सामना आणि करंडक दोन्ही अमेरिकेचे झाले असते. निकलसने वाकून जॅकलिनची खूण उचलली आणि तो पट त्याला बहाल केला. सामना बरोबरीत सुटला, एकूण गुण १६-१६ झाले आणि रायडर करंडकाच्या इतिहासातील पहिली बरोबरी नोंदली गेली.

गोल्फशी फारसा परिचय नसलेल्या वाचकाला यात विशेष काय, असा प्रश्न पडेल. त्यासाठी या खेळाची एक रीत समजून घेतली पाहिजे. गोल्फच्या बहुतेक मोठ्या स्पर्धांत प्रत्येक खेळाडूचे एकूण फटके मोजले जातात. तेथे चेंडू छिद्रापासून बोटभर अंतरावर असला, तरी तो आत घालावाच लागतो. मॅचप्लेमध्ये मात्र दोघेच समोरासमोर असतात आणि प्रत्येक होल ही स्वतंत्र लढत असते. येथे प्रतिस्पर्ध्याचा पुढचा फटका ‘झाला असे समजू’ म्हणून सोडून देण्याची मुभा नियमच देतो. ही मुभा फक्त देणाऱ्याकडे असते. एकदा दिलेली सवलत परत घेता येत नाही आणि ज्याला ती मिळाली त्याला ती नाकारताही येत नाही. नियम एवढेच सांगतो. कोणता पट सोडावा, केव्हा सोडावा, याविषयी तो मौन पाळतो. नियम जेथे मौन पाळतो, तेथे माणसाच्या संस्काराची परीक्षा सुरू होते.

निकलसच्या त्या कृतीचे जगभर कौतुक झाले, परंतु त्याचा कर्णधार सॅम स्नीड मात्र रुष्ट झाला. त्याचे म्हणणे साधे होते. आपण येथे जिंकण्यासाठी आलो आहोत आणि सहकाऱ्यांच्या तीन दिवसांच्या श्रमांवर पाणी सोडण्याचा अधिकार एकट्या खेळाडूला नाही. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. स्वतःच्या खिशातून दान करणे वेगळे आणि सामायिक तिजोरीतून करणे वेगळे. अमेरिकेने हा करंडक आधीच्या स्पर्धेत जिंकलेला असल्याने बरोबरीतही तो तिच्याकडेच राहणार होता, हे खरे; पण निर्भेळ विजय हातचा गेला, हेही तितकेच खरे.

तरीही निकलसचा निर्णय योग्यच ठरतो. त्या आठवड्यात दोन्ही संघांतील वातावरण कमालीचे गढूळ झाले होते. प्रतिस्पर्ध्याचा चेंडू गवतात हरवला तर तो शोधायला मदत करू नका, असे ब्रिटिश कर्णधार एरिक ब्राउनने आपल्या खेळाडूंना बजावले होते. मैदानावर खेळाडूंचे उघड खटके उडाले होते. अशा वेळी अखेरचा क्षण एखाद्या तरुणाच्या हातांच्या थरथरीवर सोडायचा की दोन्ही संघांना मान वर करून घरी जाऊ द्यायचे, हा निकलसपुढचा प्रश्न होता. जॅकलिनने तो पट चुकवला असता तर त्याच्या सगळ्या कर्तृत्वावर त्या दोन फुटांची सावली पडली असती. २९ वर्षांच्या, पहिल्यांदाच रायडर करंडक खेळणाऱ्या निकलसने ते ओळखले. पुढे या दोघांची मैत्री आयुष्यभराची झाली आणि फ्लोरिडात त्या प्रसंगाच्या नावाने एक गोल्फ मैदानही उभे राहिले.

मुंबईकरांना येथे १९८० मधील वानखेडे मैदानावरील सुवर्णमहोत्सवी कसोटी आठवल्याशिवाय राहणार नाही. इंग्लंडचे पाच गडी स्वस्तात बाद झालेले असताना बॉब टेलरला पंचांनी यष्टिरक्षकाकडे झेलबाद ठरवले. चेंडू बॅटला लागलाच नाही, असे टेलरचे म्हणणे होते. भारताचा कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने त्याला परत बोलावले. टेलर आणि इयान बोथम यांनी त्यानंतर १७१ धावांची भागीदारी पूर्ण केली आणि भारत तो सामना दहा गडी राखून हरला. येथेही कर्णधाराने संघाच्या हिताचा बळी दिला, असे म्हणता येईल. परंतु दोन्ही प्रसंगांत एक सूक्ष्म भेद आहे. विश्वनाथने केला तो न्याय होता. जे आपले नव्हते ते त्याने ठेवून घेतले नाही. निकलसकडे मात्र जॅकलिनला खेळायला लावण्याचा पूर्ण हक्क होता. त्याने हक्काची गोष्ट सोडली. न्याय हे प्रत्येकाचे कर्तव्य असते. औदार्य हे कुणाचेही देणे नसते. म्हणूनच ते घडते तेव्हा मोलाचे ठरते.

आणि म्हणूनच ते मागता येत नाही किंवा गृहीतही धरता येत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये जर्मनीतील सेंट लिऑन-रोट येथे सॉल्हाइम करंडकाच्या लढतीत हेच घडले. अमेरिकेची अवघी वीस वर्षांची ॲलिसन ली हिचा सतराव्या होलवरील पट चुकून चेंडू सुमारे दीड फूट पुढे गेला. युरोपची चार्ली हल हिरवळीवरून चालू लागली होती. पट सोडला असे समजून लीने चेंडू उचलला. तेव्हा हलची जोडीदार नॉर्वेची सुझान पेटरसन हिने आम्ही तो सोडलेला नव्हता, असे स्पष्ट केले. नियमाप्रमाणे होल युरोपला मिळाला आणि पाठोपाठ सामनाही. हल आणि ली दोघींच्याही डोळ्यांत अश्रू होते. खुद्द युरोपच्या ज्येष्ठ खेळाडू लॉरा डेव्हिस यांनी समालोचन करताना पेटरसनवर कठोर टीका केली. १०-६ असा पिछाडीवर असलेला अमेरिकी संघ त्या दुपारी पेटून खेळला आणि करंडक १४.५-१३.५ असा जिंकून गेला.

यात दोष कोणाचा? नियमापुरते बोलायचे तर लीचा. कानांनी स्पष्ट शब्द ऐकल्याखेरीज चेंडूला हात लावायचा नाही, हा मॅचप्लेचा पहिला धडा ती विसरली. पण नियम पाळला म्हणजे शिष्टाचार पाळला, असे होत नाही. जो पट कोणत्याही सामान्य दिवशी सोडला गेला असता, तो केवळ प्रतिस्पर्धी गोंधळली म्हणून पदरात पाडून घेणे, हे जिंकणे नव्हे. पेटरसनला ते उमगले. दुसऱ्याच दिवशी तिने जाहीर माफी मागितली. चार वर्षांनी, २०१९ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेनईगल्स येथे तिनेच अखेरचा पट छिद्रात घालून युरोपला करंडक मिळवून दिला. तेथे कुणाची सवलत नव्हती, कुणाचा गैरसमज नव्हता. चेंडू आणि छिद्र यांच्यामध्ये फक्त तिचे कौशल्य होते. त्या विजयाकडे बोट दाखवायला कुणालाही जागा उरली नाही.

गैरसमजाला वाव राहू नये यासाठी नियमांनीही काळजी घेतली आहे. सवलत शब्दाने वा हेतू स्पष्ट दाखवणाऱ्या कृतीनेच दिली पाहिजे. प्रतिस्पर्ध्याचे बोलणे किंवा हावभाव पाहून सवलत मिळाली असा वाजवी समज होऊन कुणी चेंडू उचलला, तर त्याला दंड न करता चेंडू पुन्हा जागेवर ठेवायला सांगितले जाते. मात्र निष्काळजीपणाला हे कवच नाही. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे सर्जिओ गार्सियाने मॅट कुचरविरुद्ध एक पट चुकवला आणि चिडून उरलेल्या काही इंचांचा चेंडू उलट्या हाताने ढकलला. तोही चुकला. कुचरने तो सोडल्याचे सांगितले नव्हते, त्यामुळे होल गेला. त्याची भरपाई म्हणून कुचरने पुढचा एखादा होल सोडावा, असे गार्सियाने सुचवले; कुचरने मानले नाही. गार्सियाच्या घाईची जबाबदारी कुचरची नव्हती, आणि मागून घेतलेले औदार्य हे औदार्य राहत नाही.

काही जण म्हणतात, एवढा गुंता कशासाठी? सवलतीची पद्धतच बंद करा. दोन फुटांचा पट जर खात्रीचा असेल, तर तो घालून दाखवायला अडचण काय? या युक्तिवादात तथ्य आहे, कारण खात्रीचे काहीच नसते. याच बर्कडेलवर १९८३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये हेल अर्विनने जेमतेम दोन इंचांचा चेंडू निष्काळजीपणे मारताना चेंडूलाच बगल दिली आणि अखेर तो टॉम वॉटसनच्या मागे एका फटक्याने राहिला. २०१२ मध्ये कोरियाच्या आय. के. किम हिचा सुमारे फूटभर अंतराचा पट छिद्राच्या कडेवरून परत फिरला आणि हातातील मोठी स्पर्धा निसटली. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ मध्ये प्रेसिडेंट्स करंडकात खेळणारा पहिला भारतीय ठरला. इंचॉनच्या अखेरच्या हिरवळीवर ख्रिस कर्कने लांबचा पट घातला आणि लाहिरीचा सुमारे चार फुटांचा पट कडेला लागून बाहेर आला. त्याचा संघ १५.५-१४.५ असा हरला. तो पट कर्कने सोडायला हवा होता, असे कुणी म्हटले नाही, लाहिरीनेही नाही. ते मैदान निकलसच्याच नावाचे होते, हा योगायोग!

परंतु पद्धत बंद केल्याने प्रश्न सुटत नाही; केवळ माणसाला स्वतःहून चांगले वागण्याची एक संधी कमी होते. सक्तीने आणलेली सभ्यता टिकाऊ नसते. शिवाय खरा दोष सवलतीत नसून तिच्या दुरुपयोगात आहे. सुरुवातीच्या होलवर दोन-दोन फुटांचे पट उदारपणे सोडत जायचे आणि निर्णायक क्षणी, सराव न झालेल्या हातांना तेवढाच पट खेळायला लावायचा, ही जुनी क्लृप्ती आहे. नियमाच्या दृष्टीने तीत काहीही गैर नाही. सभ्यतेच्या दृष्टीने मात्र ते आमिष आहे, आणि आमिषाला दान म्हणण्याची रीत कुठेही नाही.

तेव्हा मैदानावर पाळायची पथ्ये थोडकीच आहेत. पट सोडायचा असेल तर समोरच्याला ऐकू जाईल असा, वेळेवर आणि एकदाच सोडावा. सोडायचा नसेल तर गप्प राहावे, पण चालू लागून भ्रम निर्माण करू नये. सवलतीची अपेक्षा डोळ्यांनीसुद्धा व्यक्त करू नये. पहिल्या होलवर जी मोजपट्टी, तीच अठराव्यावर ठेवावी. आणि सवलत मिळाली नाही तर मनात अढी न धरता पट खेळावा.

गोल्फ हा काही घरोघरी खेळला जाणारा खेळ नाही. पण कॅरमच्या पटाभोवती बसलेली भावंडे आणि गल्लीत बॅट घेऊन उतरलेली मुले रोज याच प्रश्नाला सामोरी जात असतात. धाकट्याचा हात चुकून सोंगटीला लागला, तर ती पाळी गेली म्हणायचे की पुन्हा खेळू द्यायचे? त्या क्षणी घरातील मोठी माणसे काय बोलतात, याकडे मुलांचे लक्ष असते. मुलगा सामना खेळून घरी आल्यावर ‘जिंकलास का?’ हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो. ‘कसा खेळलास?’ हा दुसरा प्रश्नही तितक्याच आवर्जून विचारला गेला पाहिजे. १९६९ च्या त्या सायंकाळी निकलसने या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि अर्धशतक उलटून गेल्यावरही लोकांना तेच आठवते.