वीजबिलाचा जाब कोणाला विचारायचा?

वीजबिल वाढलं की गावोगावी एकच घडतं. चार माणसं बिलं घेऊन आमदारांच्या कार्यालयात जातात, आमदार अभियंत्याला फोन लावतात, ‘बघून घ्या’ म्हणतात आणि मंडळी परततात. एखाद्याचं चुकीचं बिल दुरुस्त होतंही. दर मात्र तसाच राहतो, कारण तो ठरवणं आमदाराच्या हातात नाही. १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला, तेव्हापासून ते काम आयोगाचं आहे. म्हणून घराबाहेर पडण्याआधी बिल ओळीओळीने वाचा.

स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार हे सगळं आयोगाच्या आदेशाने ठरतं. त्याखाली ‘वीज शुल्क’ अशी एक ओळ असते, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. हा राज्याचा कर आहे. २०१६ च्या वीज शुल्क कायद्याने तो बसतो आणि हा कायदा विधिमंडळाने केलेला आहे. शुल्क टक्क्यांत असल्यामुळे दर वाढला की करही आपोआप वाढतो. आमदाराला थेट जाब विचारायचा तो या ओळीबद्दल. दुर्दैवाने हिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

दराचं भांडण आयोगापुढेच करावं लागतं. दरवाढ मागताना कंपनीला आपला प्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन आयोगाने १२० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हरकत मराठीत लिहिता येते, वकील लागत नाही. ‘गरिबाला परवडत नाही’ हे खरंच असतं, पण तेवढ्याने आकडा हलत नाही. आकड्यावर बोट ठेवा. मीटर नसलेल्या कृषिपंपांचा वापर अंदाजाने दाखवला जातो. हा अंदाज फुगवला की गळती आणि चोरी कागदावर कमी दिसते आणि बोजा नियमित बिल भरणाऱ्यावर पडतो. असे मुद्दे अभ्यासू ग्राहक प्रतिनिधींनी आयोगापुढे चिकाटीने मांडले आहेत. त्यांच्या मागे आपण उभं राहायला हवं.

मग विधिमंडळाचं काम काय? भरपूर आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज आहे. ती मोफत म्हणजे तिचे पैसे सरकारने कंपनीला द्यायचे, आणि २००३ च्या विद्युत कायद्याचं कलम ६५ सांगतं की सवलतीची रक्कम आगाऊ द्यायला हवी. हे पैसे अर्थसंकल्पातून किंवा पुरवणी मागण्यांतून सभागृह मंजूर करतं. पैसे उशिरा आले की कंपनी कर्ज काढते आणि त्याचं व्याज फिरून कुणाच्या तरी दरात येतं. आयोगाचा वार्षिक अहवालही विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. महावितरण सरकारी असल्यामुळे सार्वजनिक उपक्रम समिती तिच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून हिशेब विचारू शकते. मुंबईतल्या खासगी कंपन्या त्या समितीच्या कक्षेत येत नाहीत, पण आयोगाच्या नक्की येतात.

हा हिशेब वेळेवर मागितला नाही की काय होतं, हे राज्याने एन्रॉनच्या वेळी भोगलंय. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ मध्ये झाला, तेव्हा जाहीर सुनावणी घेणारा आयोगच नव्हता. महागड्या विजेचा भार राज्य वीज मंडळाला पेलला नाही आणि २००१ मध्ये करार मोडावा लागला.

तुमचं स्वतःचंच बिल चुकलं असेल तर भरणा सोडून गप्प बसू नका. थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली कमी असेल ती ‘निषेध नोंदवून’ भरा. मग वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. कंपनीकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तिथलाही निर्णय पटला नाही तर मुंबईत आणि नागपुरात विद्युत लोकपाल आहेत.

आणि येत्या अधिवेशनाआधी आमदारांना भेटाल तेव्हा फोन करायला सांगू नका. तारांकित प्रश्न लिहूनच द्या: या वर्षी कृषिपंपांच्या सवलतीपोटी महावितरणला किती रक्कम देय होती, त्यातली किती दिली आणि कोणत्या तारखांना?