काखेच्या गाठींचा अहवाल 'निगेटिव्ह' आला, तर किती खात्री?

स्तनाच्या कर्करोगात काखेतील पहिल्या काही लसिकाग्रंथी शोधून तपासतात. ही सेंटिनल नोड बायोप्सी. अमेरिकेच्या 'बी-32' चाचणीत आजार काखेत पोहोचलेल्या 100 पैकी सुमारे 10 स्त्रियांत ती चुकली. तरीही सर्व ग्रंथी काढलेल्यांइतकेच रुग्ण जगले आणि हाताची सूज कमी राहिली.

किरणोत्सर्गी द्रव्याची सोय सगळीकडे नसते. तिथे काखेच्या खालच्या भागातील ग्रंथी काढून तपासणे तितकेच अचूक असल्याचे मुंबईच्या टाटा मेमोरियलने 2013 मध्ये दाखवले.

म्हणून कासुर्डीहून पुण्यात शस्त्रक्रियेला जाताना डॉक्टरांना विचारा: ग्रंथी कशा शोधणार? किती तपासणार? पुढे काखेत गाठ लागली, तर लगेच दाखवा.