बीपीची गोळी आणि डोक्याची गोळी

बीपीच्या गोळीची निफाड तालुक्यात कोणाला लाज नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालू असतानाही माणूस खिशातून टेल्मिसार्टनची पट्टी काढून चारचौघांत गोळी घेईल. बायपोलर या मनाच्या आजारावरची गोळी मात्र घरात डब्यामागे दडवलेली. बीपीला गावातला डॉक्टर, ‘डोक्याच्या’ गोळ्यांना गुपचूप नाशिक. दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसतच नाही.

खरं तर हे दोन आजार मूत्रपिंडापाशी एकमेकांना भेटतात. रक्तदाब घसरला की मूत्रपिंड रेनिन सोडतं. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होऊन रक्तवाहिन्या आवळतं आणि अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ धरून ठेवतं. अँजिओटेन्सिनचा अंमल मेंदूतही चालतो. ग्लासगोच्या संशोधकांनी 2016 मध्ये 1 लाख 44 हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गटातल्या, म्हणजे हीच साखळी अडवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना मनोविकारासाठी रुग्णालयात दाखल व्हायची वेळ कमी आली होती. डेन्मार्कच्या देशभरातल्या नोंदींचाही कल तोच. पण एवढ्यावरून बीपीच्या गोळीने बायपोलर बरा होतो असं म्हणणं म्हणजे बाजारात तुरी. कोणाला कुठली गोळी का दिली गेली, यातच निम्मं उत्तर दडलेलं असू शकतं.

मला काळजी उलट्या बाजूची आहे. बायपोलरवरचं जुनं, भरवशाचं औषध लिथियम. तो एक क्षार आहे आणि मूत्रपिंड त्याला मिठासारखंच वागवतं. ‘प्रिल’, ‘सार्टन’ किंवा लघवी वाढवणारी थायझाइडची गोळी सुरू झाली की लिथियम कमी बाहेर पडतं, रक्तात साठू शकतं. रक्तात लिटरमागे साधारण 0.6 ते 1 मिलिमोल हे त्याचं हवं ते प्रमाण. दीडच्या पुढे विषबाधेचा धोका. औषध आणि विष यांत इतकंच अंतर. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियमचा क्षार खायला दिला गेला, आणि त्यात माणसं दगावली.

आपल्याकडे लिथियम वाढवणारं सगळं एकदम जुळून येतं. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा. एप्रिलच्या उन्हात घामाने अंग कोरडं पडतं. द्राक्षबागेत वाकून पाठ धरली की मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक; त्यानेही लिथियम वाढतं. मग हात थरथरतो, बशीतला चहा सांडतो, जुलाब होतात, जीभ जड होते, पाऊल वाकडं पडतं. घरचे म्हणतात, पुन्हा डोकं फिरलं. गाव म्हणतं, पिऊन आलाय. रक्त तपासायचं कोणाच्याच मनात येत नाही.

दोन्ही गोळ्या एकत्र द्यायच्याच नाहीत असं मुळीच नाही. मात्रा बदलून, रक्त वरचेवर तपासून त्या देता येतात. कधी बीपीची दुसरी गोळी निवडता येते. हे ठरवणं डॉक्टरांचं काम. स्वतःच्या मनाने कुठलीच गोळी बंद करू नका. पुढच्या वेळी मात्र दोन्ही पट्ट्या एकाच पिशवीत घाला आणि दोन्ही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. वर लिहिलेली लक्षणं दिसली तर वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. मनाच्या आजाराबद्दल एरवी काही विचारायचं असेल, तर टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा फोन मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.